वेस्टरबोर्कची फिल्म : कमांडंटच्या हुकमावरून कैद्यानं टिपलेली छावणी

नेदरलँड्सच्या ईशान्येला, ड्रेन्थे प्रांतातल्या माळरानावर वेस्टरबोर्क नावाची छावणी होती. १९४४ च्या मार्च ते मे या काळात तिथल्या एका ज्यू कैद्यानं जर्मन कमांडंटच्या हुकमावरून छावणीची फिल्म घेतली. १६ मिलिमीटरची, कृष्णधवल, मूक. ती कधीच पुरी झाली नाही. संकलन अर्धवट राहिलं आणि रिळं तेवढी उरली. २०१७ साली युनेस्कोनं जागतिक स्मृतीच्या नोंदवहीत तिचा समावेश केला. पश्चिम युरोपातून माणसांना रेल्वेनं मृत्यूछावण्यांकडे पाठवणं चालू असतानाची इतकी सविस्तर चलत्चित्रं जवळजवळ दुसरी नाहीत.

या फिल्ममध्ये मारहाण नाही, प्रेतं नाहीत, काटेरी तारांना लटकलेले सापळे नाहीत. कारखान्यात माणसं काम करतात, दवाखान्यात डॉक्टर रुग्ण तपासतात, बायका उघड्यावर कवायत करतात, रंगमंचावर नाचगाणी होतात. आणि तशाच शांतपणे काही माणसं सामान घेऊन मालगाडीच्या डब्यांत चढतात. आतला एक जण दार ओढून घ्यायला मदत करतो. पहिल्यांदा पाहणारा हमखास गोंधळतो. 'हे इतकं वाईट दिसत नाही' असं कुणी दबक्या आवाजात म्हणालं, तर मी त्याला दोष देत नाही, कारण फिल्म ज्यानं करवून घेतली त्याला नेमकं हेच म्हणून हवं होतं.

माझं म्हणणं असं की ही फिल्म खोटी नाही. तिच्यात दिसतं ते बहुतेक सगळं खरंच घडत होतं. पण जसं दिसतं तसंच ते मानून घेतलं, तर आपण कमांडंटच्या खुर्चीत बसून पाहत राहतो. तिथून उठायचं तर चौकटीच्या कडेला, कुणाच्या लक्षात न येता राहून गेलेल्या गोष्टी वाचाव्या लागतात. एका सुटकेसवरची अक्षरं, डब्यावरचा आकडा, एका मुलीच्या डोक्याला गुंडाळलेलं कापड. या तीन गोष्टींनी काय काय उघड केलं, त्याचा हा अभ्यास आहे.

आधी आसरा, मग सापळा

वेस्टरबोर्क जर्मनांनी बांधलं नव्हतं. नाझी जर्मनीतून पळून येणाऱ्या ज्यूंना ठेवायला डच सरकारनंच १९३९ साली ही छावणी उभारली, आणि खर्चाचा भार नेदरलँड्समधल्या ज्यू समाजावर टाकला. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात पहिले निर्वासित आले. वारा अडवायला झाड नाही, पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात डोळ्यांत जाणारी वाळू, अशी ती जागा. तरीही ज्यांनी जर्मनी सोडली होती त्यांच्या दृष्टीनं ती सुटकाच होती.

मे १९४० मध्ये जर्मनीनं नेदरलँड्स व्यापला. १ जुलै १९४२ ला छावणी जर्मनांच्या ताब्यात गेली आणि तिचं नाव 'पोलिसी संक्रमण छावणी' झालं. १५ जुलैला पहिली गाडी आउश्विट्झकडे निघाली. सुरुवातीला कैद्यांना होखहालेनच्या स्टेशनापर्यंत सुमारे पाच किलोमीटर चालत न्यावं लागे. वाटेतल्या गावकऱ्यांना ते दिसे. मग त्याच वर्षाच्या अखेरीपर्यंत रूळ थेट छावणीच्या आत आणले गेले. छावणीचा मधला रस्ता आणि फलाट एकच झाला.

इथं एक गोष्ट समजून घेतल्याशिवाय फिल्म कळत नाही. जर्मन पहारेकरी आणि अधिकारी छावणीत मोजकेच होते. रोजचा कारभार कैदीच चालवत, आणि त्यांत वरच्या जागा १९३९ पासून राहत असलेल्या जर्मन ज्यूंकडे होत्या. नोंदणी, रेशन, दवाखाना, शिस्त राखणारी तुकडी हे सगळं त्यांच्या हाती होतं. दर आठवड्याला किती माणसं पाठवायची तो आकडा वरून यायचा, पण यादीत नावं भरण्याचं काम कैद्यांच्या कार्यालयात व्हायचं. आपलं नाव वगळलं जावं म्हणून धडपडणाऱ्या माणसाच्या हातात दुसऱ्याचं नाव लिहिणारी लेखणी देणं, यापेक्षा क्रूर व्यवस्था मला ठाऊक नाही. आणि अशी व्यवस्था कॅमेऱ्यात पकडता येत नाही. टाइपरायटरवर बसलेल्या मुली दिसतात, त्या काय टाइप करतात ते दिसत नाही.

१९४३ पासून गाडी साधारण मंगळवारी सुटे. आदल्या रात्री बराकीत नावं वाचली जात. पत्रकार फिलिप मेखानिकसनं छावणीतच ठेवलेल्या रोजनिशीत आणि तरुण ज्यू लेखिका एटी हिलेसमनं बाहेर पाठवलेल्या पत्रांत या रात्रींचं वर्णन आहे. गाडी गेली की उरलेल्यांना एक आठवडा मिळायचा. पुन्हा कामं, पुन्हा कुजबुज, पुन्हा सोमवार. नेदरलँड्समधून सुमारे १ लाख ७ हजार ज्यूंना पाठवलं गेलं, बहुतेकांना वेस्टरबोर्कमार्गे. युद्धानंतर जेमतेम पाच हजार परतले. १९४३ च्या मार्च ते जुलै या पाच महिन्यांत पोलंडमधल्या एकट्या सोबिबोर मृत्यूछावणीला १९ गाड्या गेल्या, त्यांत ३४,३१३ माणसं होती. त्यांतली १८ वाचली.

कॅमेऱ्यामागचा माणूस

रुडोल्फ ब्रेस्लाउअर १९०३ साली लाइपझिगमध्ये जन्मला. व्यवसायानं छायाचित्रकार. १९३८ साली तो नेदरलँड्सला पळून आला. १९४२ मध्ये बायको, दोन मुलगे आणि मुलगी यांच्यासह त्याला वेस्टरबोर्कला आणण्यात आलं. तिथं त्याला ओळखपत्रांसाठी कैद्यांचे फोटो काढण्याचं काम मिळालं. म्हणजे फिल्म घेण्याआधीच छावणीतले कितीतरी चेहरे त्याच्या भिंगातून गेले होते, आणि त्यांतले अनेक एव्हाना गाडीनं गेलेही होते.

कमांडंट होता आल्बर्ट कोनराड गेमेकर. ऑक्टोबर १९४२ मध्ये तो आला. तो ओरडत नसे, सहसा हात उचलत नसे, आणि कैद्यांच्या करमणुकीच्या कार्यक्रमांना पहिल्या रांगेत बसे. 'सभ्य कमांडंट' अशी त्याची ख्याती होती, आणि याच सभ्य माणसाच्या देखरेखीखाली दर मंगळवारची गाडी वेळेवर सुटत असे. फिल्मची योजना लिहिली हाइन्झ टोटमान या कैद्यानं. तो मूळचा जर्मन पत्रकार, ज्यू वंशाचा, आणि गेमेकरचा जवळचा मदतनीस.

ही फिल्म हवी कशाला होती? १९४४ च्या वसंतात नेदरलँड्समधले बहुतेक ज्यू पाठवून झाले होते. छावणी रिकामी होत चालली होती. छावणी बंद झाली असती तर गेमेकरला बहुधा आघाडीवर जावं लागलं असतं. म्हणून वेस्टरबोर्क ही उत्पादन करणारी, उपयोगी जागा आहे हे वरिष्ठांना दाखवायचं होतं, असा बहुतेक अभ्यासकांचा निष्कर्ष आहे. फिल्मसाठी केलेल्या बोधचिन्हात कारखान्याची चिमणी आहे, आणि छावणीत आलेल्या-गेलेल्यांचे आकडे मांडणारे तक्तेही आहेत.

पण कैद्यांच्या बाजूनंही याला अर्थ होता, आणि माझ्या मते फिल्म पाहताना हाच अर्थ सर्वांत आधी मनात धरायला हवा. छावणी कामाची ठरली तर ती टिकेल, ती टिकली तर आपण इथंच राहू, गाडीत चढावं लागणार नाही. कॅमेऱ्यासमोर मान खाली घालून तारा सोलणारी बाई नाटक करत नसते. आपण कामाच्या आहोत हे ती दाखवत असते, कारण तेवढ्यावरच तिचा जीव टांगलेला आहे. या फिल्ममधली शिस्त, नेटकेपणा आणि तत्परता जगू देण्याची विनवणी होती.

कामं, दवाखाना, रंगमंच

फिल्मचा मोठा भाग कामांचा आहे. पाडलेल्या विमानांचे सांगाडे आणून ठेवले आहेत आणि माणसं त्यांचे भाग सुटे करताहेत. लांब टेबलांवर बायका जुन्या बॅटऱ्या फोडताहेत. आतल्या कांड्या वेगळ्या, धातू वेगळा, पूड वेगळी. हे काम घाणेरडं होतं. काळी पूड अंगभर बसायची आणि खोकला लागायचा. मराठी वाचकाला हे टेबल एका ओळखीच्या नावानं आठवेल. ॲन फ्रँक आणि तिच्या घरच्यांना ८ ऑगस्ट १९४४ रोजी वेस्टरबोर्कला आणलं गेलं तेव्हा त्यांना हेच बॅटऱ्यांचं काम देण्यात आलं. ३ सप्टेंबरला त्यांची गाडी आउश्विट्झला निघाली. फिल्म त्याआधी तीन महिन्यांची आहे, तेव्हा ॲन त्यात नाही. पण रोजनिशी जिथं थांबते तिथून पुढचे तिचे काही आठवडे कसे गेले असतील, हे पाहायचं असेल तर ही टेबलं पाहावीत.

शेतात काम करणारी माणसं मधल्या सुट्टीत गवतावर आडवी झालेली दिसतात. मी या दृश्यावर फार थांबतो. ऊन आहे, कुणीतरी हसतंय, एका बाईनं हात डोक्याखाली घेतला आहे. एखाद्या पिकनिकचं चित्रण म्हणून ते सहज खपेल. पण ही तरुण माणसं ज्या दिशेला पाय करून झोपली आहेत तिथून काही अंतरावर रूळ आहेत, आणि ते त्यांना माहीत आहे. तरीही ती दहा मिनिटं त्यांची होती. युद्धातलं रोजचं जगणं म्हणजे अशी दहा-दहा मिनिटं, आणि ती खरी होती म्हणून लपवायची गरज नाही. त्या दहा मिनिटांवरून छावणी सुखाची होती असं मात्र ठरत नाही.

दवाखान्याचंही तसंच. शंभराहून जास्त डॉक्टर इथं कैदी होते, कारण नेदरलँड्समधले ज्यू डॉक्टर इथंच गोळा झाले होते. प्रयोगशाळा, दंतवैद्य, शस्त्रक्रिया, सगळं नीट होतं. आजारी माणसाला बरं करून गाडीत चढण्याजोगं करायचं, असाही त्याचा अर्थ होई. डॉक्टरांना तो कळत नव्हता असं नाही. पण समोरच्या रुग्णाला ताप असताना डॉक्टरनं करावं तरी काय?

रंगमंचावर माक्स एर्लिख, विली रोझेन यांच्यासारखे बर्लिनचे नावाजलेले कलाकार होते. कुर्ट गेरोन हा नटही काही काळ या छावणीत होता. फेब्रुवारी १९४४ मध्ये त्याला व्याप्त चेक प्रदेशातल्या थेरेसिएनश्टाटला नेलं गेलं, आणि त्याच वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये त्याच्याकडून तिथल्या छावणीची प्रचारफिल्म करवून घेतली गेली. ऑक्टोबरच्या शेवटी त्याला आउश्विट्झमध्ये मारलं.

या दोन फिल्मांची तुलना करणं गरजेचं आहे, कारण त्या एकाच पेटीत टाकल्या जातात. थेरेसिएनश्टाटमध्ये रेड क्रॉसच्या पाहुण्यांसाठी आधीच रंगरंगोटी झाली होती, कॅफे आणि बागा उभ्या केल्या होत्या, आणि फिल्मसाठी माणसं निवडून उभी केली होती. तिथलं जग रचलेलं होतं. वेस्टरबोर्कमध्ये ब्रेस्लाउअरनं जे चालू होतं ते टिपलं. त्यामुळे थेरेसिएनश्टाटची फिल्म पाहताना 'हे खोटं आहे' एवढं ठाऊक असलं तरी बरंच काम होतं. वेस्टरबोर्कच्या बाबतीत ते पुरत नाही. इथं खरं दाखवलं आहे आणि त्याच्या शेजारचं खरं गाळलं आहे. बराकीतली सोमवारची रात्र या रिळांत नाही. तिला अंधार होता, आणि ती टिपायचा हुकूमही नव्हता.

फलाट

गाडी मात्र आहे. गेमेकरनं गाडी चित्रित करू दिली ही या सगळ्या प्रकरणातली सर्वांत विचित्र गोष्ट. कदाचित त्याच्या डोळ्यांना ती छावणीच्या कामाचाच एक भाग वाटत होती, माल येतो तसा माल जातो. तो स्वतः फलाटावर आपल्या माणसांसोबत उभा दिसतो.

गाडीला पुढेमागे वेगवेगळे डबे आहेत. काही तिसऱ्या वर्गाचे प्रवासी डबे, त्यांना खिडक्या आहेत. बाकी मालडबे. लोक घाईघाईनं पण गोंधळ न करता चालतात. पाठीवर गाठोडी, हातात पिशव्या, कडेवर मुलं. शिस्त राखणाऱ्या तुकडीतले कैदी सामान चढवायला मदत करतात. कुणी खिडकीतून हात हलवतं. मग दारं सरकतात, बाहेरून अडसर लागतो, गाडी हलते.

अनेक वर्षं ही दृश्यं 'ज्यूंची रवानगी' एवढ्याच ओळखीनं जगभर फिरली. आलँ रेनेच्या १९५५ च्या फ्रेंच माहितीपटात ती आली, आणि त्यानंतर किती माहितीपटांत, प्रदर्शनांत, पाठ्यपुस्तकांत आली त्याला गणती नाही. दृश्य कोणत्या दिवशीचं, गाडी कुठली, माणसं कोण, हे कुणी फारसं विचारलं नाही. प्रतीक झालं की माणसाचं नाव विचारायची गरज उरत नाही, असं काहीतरी झालं असावं. मला याचं दुःख होतं, कारण नाव पुसण्याचं काम मारेकऱ्यांनी आधीच पुरेपूर केलं होतं.

तारीख सापडली ती एका सुटकेसमुळे. फलाटावरून एका आजारी म्हाताऱ्या बाईला हातगाड्यावर झोपवून नेत आहेत. तिच्या सामानात एक सुटकेस आहे आणि तिच्यावर नाव आणि जन्मतारीख रंगवलेली आहे. गाडीनं जाणाऱ्याला सामानावर तसं लिहावं लागे, पुढच्या ठिकाणी सामान आपल्याला मिळेल या समजुतीनं. फिल्म थांबवून, मोठी करून पाहिली तर आडनाव क्रोन, आणि जन्मवर्ष ८२ किंवा ९२ असं वाचता येतं. रवानगीच्या याद्या जपल्या गेल्या होत्या. त्यांत फ्राउके क्रोन सापडली, जन्म २६ सप्टेंबर १८८२, रवानगी १९ मे १९४४, आउश्विट्झ. गाडीचा दिवस ठरला.

एकदा दिवस ठरल्यावर आकडे बोलू लागले. त्या दिवशी गाडीत ६९१ माणसं होती. २३८ ज्यू प्रवासी डब्यांतून बर्गन-बेल्सनला, जिथं अदलाबदलीसाठी म्हणून काही कैदी राखून ठेवले जात. मालडब्यांतून आउश्विट्झला २०८ ज्यू आणि २४५ सिंती आणि रोमा, म्हणजे युरोपात ज्यांना 'जिप्सी' म्हणत ते समाज. म्हणजे ज्या गाडीला आपण पन्नास वर्षं एका समाजाची गाडी म्हणत आलो, तिच्या मालडब्यांत निम्म्याहून जास्त माणसं दुसऱ्याच समाजाची होती, आणि हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

डोक्याला कापड गुंडाळलेली मुलगी

मालडब्याच्या अर्धवट उघड्या दारात एक मुलगी उभी आहे. नऊ-दहा वर्षांची. डोक्याला पांढरट कापड घट्ट गुंडाळलेलं. ती बाहेर पाहते. दृश्य जेमतेम सात सेकंदांचं. या सगळ्या लांब फिल्ममध्ये रवानगीच्या वेळी कॅमेरा एखाद्या चेहऱ्याच्या इतका जवळ गेल्याचं जवळजवळ हे एकच उदाहरण. युद्धानंतर ती नेदरलँड्समध्ये ज्यूंच्या संहाराचा चेहरा झाली. नाव माहीत नव्हतं, म्हणून तिला 'डोक्याला कापड गुंडाळलेली मुलगी' म्हणत.

१९९२ च्या अखेरीस डच पत्रकार आद वाखेनार यांनी तिचं नाव शोधायचं ठरवलं. त्यांनी काय केलं ते पद्धत म्हणून शिकण्यासारखं आहे. चेहऱ्यावरून सुरुवात केली नाही, डब्यावरून केली. डब्याच्या बाहेर लिहिलेले आकडे, आजूबाजूच्या दृश्यांतले डबे, गाडीतला त्यांचा क्रम, आणि त्या तारखेची यादी. यातून असं दिसू लागलं की तो डबा सिंती आणि रोमांचा होता. मुलगी ज्यू असण्याची शक्यताच मावळली. मग ते वाचलेल्या मोजक्या सिंतींकडे गेले. फेब्रुवारी १९९४ मध्ये स्पाइकेनिस इथल्या, फिरत्या गाड्यांमध्ये राहणाऱ्यांच्या वस्तीत क्रासा वाग्नर या बाईंनी ती मुलगी ओळखली. त्या स्वतः त्याच डब्यात होत्या. दारातून डोकं आत घे, असं मुलीची आई ओरडून सांगत होती आणि तिनं मारलेली हाक त्यांना आठवत होती. सेटेला.

सेटेला स्टाइनबाख. २३ डिसेंबर १९३४ रोजी लिम्बर्ख प्रांतातल्या बुख्तन गावाजवळ जन्मलेली. वडील व्यापार करत आणि व्हायोलिन वाजवत. १६ मे १९४४ रोजी देशभर सिंती, रोमा आणि फिरस्त्यांची धरपकड झाली, आणि ५७८ जणांना वेस्टरबोर्कला आणलं गेलं. स्टाइनबाख कुटुंबाला आइंडहोवनमध्ये पकडलं. छावणीत त्यांची डोकी भादरली. त्या वयाच्या मुलीला याची लाज वाटणारच, म्हणून चादरीचा तुकडा फाडून तो तिच्या डोक्याला गुंडाळला. ते कापड इतकी वर्षं सगळ्यांनी पाहिलं होतं, पण ते का गुंडाळलं आहे असं कुणी विचारलं नव्हतं. पकडलेल्यांपैकी काही जणांना कागदपत्रांवरून सोडून दिलं, आणि तीनच दिवसांत २४५ जण गाडीत चढवले गेले. गाडी मंगळवारची नव्हती, शुक्रवारची होती.

आउश्विट्झ-बिर्केनाउमध्ये सिंती आणि रोमांना कुटुंबांसह एका वेगळ्या भागात ठेवत. १९४४ च्या ऑगस्टच्या सुरुवातीला तो भाग रिकामा केला गेला, म्हणजे काम करू न शकणाऱ्या सगळ्यांना विषारी वायूनं मारलं. सेटेला, तिची आई आणि भावंडं त्या उन्हाळ्यात संपली. वडील वाचले आणि १९४६ साली वारले. त्या २४५ जणांपैकी तीसच्या आसपास परत आले.

नाव सापडल्यावर काहींना वाटलं की ज्यूंच्या संहाराचं एक प्रतीक हिरावून घेतलं गेलं. मला तसं वाटत नाही. ज्यूंच्या दुःखाला पुराव्याची कमतरता नाही. त्याच फिल्ममध्ये फ्राउके क्रोन आहे, ६१ वर्षांची, आजारी, गाड्यावर झोपवलेली. पण सिंती आणि रोमांकडे युद्धानंतर कितीतरी वर्षं कुणी वळून पाहिलं नव्हतं. त्यांच्या वाट्याला आलेली ओळखही दुसऱ्याच्या नावानं जमा झाली होती. ती परत देणं एवढंच वाखेनार यांनी केलं, आणि ते फार मोठं होतं.

नंतर

ब्रेस्लाउअर आणि त्याचं कुटुंब सप्टेंबर १९४४ मध्ये वेस्टरबोर्कहून थेरेसिएनश्टाटला आणि तिथून आउश्विट्झला गेलं. बायको आणि दोन्ही मुलगे मारले गेले. तो स्वतः युद्ध संपेपर्यंत जगला नाही. मुलगी तेवढी वाचली. कामाचं ठरल्यानं जीव वाचेल ही आशा कॅमेरा चालवणाऱ्यालाही वाचवू शकली नाही. रोजनिशी लिहिणारा मेखानिकस फिल्मचं काम चालू असतानाच, मार्चमध्ये, बर्गन-बेल्सनला गेला होता. त्याला पुढे आउश्विट्झमध्ये मारलं. एटी हिलेसम आधीच, नोव्हेंबर १९४३ मध्ये, तिथं मेली होती.

१२ एप्रिल १९४५ रोजी कॅनडाच्या सैन्यानं छावणी मुक्त केली तेव्हा तिथं नऊशेच्या आत कैदी उरले होते. त्यानंतर त्याच बराकींत डच नाझी समर्थकांना कोंडलं गेलं, मग इंडोनेशियातून आलेल्या डच कुटुंबांना ठेवलं, आणि १९५१ पासून डच वसाहतीच्या फौजेत लढलेल्या मोलुक्कन (इंडोनेशियातल्या मोलुक्का बेटांवरच्या) सैनिकांची कुटुंबं तिथं राहिली, जवळजवळ वीस वर्षं. एकाच माळावर निर्वासित, कैदी, अपराधी आणि नको झालेले सैनिक. त्यांतल्या तीन महिन्यांचीच फिल्म आपल्याकडे आहे.

गेमेकरवर १९४९ मध्ये आसन या डच शहरात खटला चालला. गाडीनं जाणाऱ्यांचं पुढे काय होतं हे आपल्याला ठाऊक नव्हतं, असं त्यानं सांगितलं. दहा वर्षांची शिक्षा झाली आणि १९५१ मध्ये तो सुटला. जर्मनीत नंतर पुन्हा चौकशी झाली, पण खटला उभा राहिला नाही. १९८२ साली तो ड्युसेलडॉर्फमध्ये वारला. ६१ वर्षांच्या आजारी बाईला गाड्यावरून मालडब्यापर्यंत नेताना तो त्या फलाटावर होता. तिला कुठल्या कारखान्यात कामाला लावण्यासाठी पूर्वेला नेत आहेत असं त्याला वाटलं असेल, हे मला पटत नाही. त्याच्याच हुकमानं घेतलेली फिल्म त्याच्या या बचावाविरुद्ध उभी राहते.

आता ती कशी दाखवावी, याबद्दल माझं मत पक्कं आहे. सेटेलाची सात सेकंदं कापून, त्यांवर व्हायोलिनचं करुण संगीत घालून दाखवू नयेत. फिल्म मूक आहे, ती मूक राहू द्यावी. जर्मन दिग्दर्शक हारुन फारोकी यांनी २००७ साली हीच रिळं आवाजाशिवाय, फक्त मधल्या मजकुराच्या पाट्या घालून मांडली, आणि ती पद्धत मला योग्य वाटते. कामाची दृश्यं आणि गाडी एकत्र दाखवावी, कारण छावणीतल्या माणसांसाठी ती एकत्रच होती. वर्गात दाखवायची असेल तर प्रत्येक दृश्याला तीन प्रश्न विचारावेत: हे कुणाच्या सांगण्यावरून घेतलं, समोरच्या माणसाला कॅमेऱ्याकडून काय हवं होतं, आणि कडेला काय लिहिलेलं दिसतं. तिसऱ्या प्रश्नाला मुलं सर्वांत लवकर उत्तर देतात. त्यांचे डोळे अजून प्रतीकं पाहायला सरावलेले नसतात.

डच संग्रहालयानं २०२१ मध्ये रिळं पुन्हा स्वच्छ करून, मूळ प्रतींवरून नव्यानं डिजिटल केली. स्पष्ट प्रतीमुळे कूर्ट ब्रुर्स्मा आणि खेरार्ड रोसिंग या संशोधकांना फलाटावरच्या आणखी काही माणसांची ओळख पटवता आली. त्यांत एक लहान भाऊ-बहीण आहेत, बर्गन-बेल्सनला जाणाऱ्या डब्यांतले, आणि ती दोघं वाचली. पण फिल्ममध्ये दिसणाऱ्या शेकडो माणसांपैकी नाव कळलेली अजून थोडीच आहेत. याद्या आहेत, जन्मतारखा आहेत, ओळखपत्रांसाठी काढलेले फोटो आहेत, आणि त्या वेळी मूल असलेली जी माणसं वाचली ती आता नव्वदीकडे झुकली आहेत. चेहऱ्यांना नावं जोडण्याचं काम त्यांच्या हयातीतच जितकं होईल तितकं व्हायला हवं.